केसभर चढलेला हिरवा

आमी मूळचे कुठले म्हणून विचारलात तर मला नीट सांगता यायचं न्हाई बगा, अप्पा म्हणायचे सोलापूरच्याही पलीकडचे, आजोबा आणिक कुठलं तरी नाव घ्यायचे, किती पिढ्या झाल्या ते कोण मोजत बसलंय, आमी इथल्या लष्कर मोहल्ल्यात आलो तिथून पुढचं तेवढं मला ठाऊक. घरात मराठी, दाराबाहेर पाय टाकला की कन्नड, आणि भांडायचं झालं तर दोन्ही. तुमी पुण्याकडच्या, तुमाला माझं मराठी ऐकून हसू येतंय ते दिसतंय मला, हसा की, माझी नात तर मराठीत आजी एवढंच म्हणती आणि पुढं सगळं कन्नड, तिच्यापेक्षा माझं बरं.

आमी रंगारी. म्हणजे कापड रंगवणार, ठसे मारणार, तेच काम. मागच्या अंगणात निळीची चार रांजणं जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली, त्याचा वास असा की शाळेत पोरी माझ्याशेजारी बसायच्या न्हाईत, आणि मला मात्र तो वास आला की घरी आल्यासारखं वाटायचं, अजून वाटतं, पण आता कुठला यायला. अप्पांची नखं कायमची निळी. लग्नाला गेले तरी निळी, कुणाच्या मातीला गेले तरी निळी. लांब मेजावर गोणपाट, त्यावर घोंगडी, त्यावर कापड ताणलेलं, आणि अप्पा सागवानी ठसा ठेवून त्यावर मूठ मारायचे, थप, उचलायचे, पुढं सरकायचे, थप. मी झोपेतून उठायची ती त्या आवाजानं. आठवड्याच्या बाजाराला अप्पा पहिल्या बसनं सरगूरला जायचे, पलंगपोस आणि डोईची फडकी गाठोड्यात बांधून, सुट्टी असली की मी पण जायची, परत येताना मला कडलेपुरी घेऊन द्यायचे, चुरमुरे हो, कागदाच्या पुडीत, ती पुडी मी घरापर्यंत पुरवायची.

काय सांगू तुमाला, माझे अप्पा ओरडणारे नव्हते, पण हट्टी. त्यांचा एक नेम होता. फिका रंग आधी, गडद नंतर, आणि गडद रंग फिक्यावर केसभर चढवायचा. का, तर दोन रंगांच्या मधी कापड उघडं दिसू नये. पिवळं फूल आणि त्याच्या भोवती लाल, तर लाल त्या पिवळ्याच्या कडेवर जरासा चढलाच पाहिजे, मधी पांढरा दोरा दिसला की ठसा चुकला. दहा वर्षांची असताना मला किनारीला बसवलं, माझा ठसा कुठं सरकला, पांढरं दिसलं, तर ते एवढंच म्हणायचे, उघडं दिसतंय, आणि कापड उलटं घालून कॉफी प्यायला आत जायचे. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. रडली मी कितीदा, पण हात बसला. तो एवढा बसला की पुढं त्यानंच मला गोत्यात घातलं, तेच सांगायला बसली आहे मी, मधी मधी भटकते, तुमी ओढून आणा.

मग गिरणीचं छापील कापड आलं स्वस्त, सरगूरच्या बायका त्याच पैशात दोन घेऊ लागल्या, त्यांचं काय चुकलं. रांजणं एक एक कोरडी पडली. मी नकाशे काढायचा कोर्स केला, हात स्थिर होता म्हणून पहिल्या खेपेला पास झाले, आणि इथंच एका नकाशे छापायच्या ऑफिसात लागले, नाव नका लिहू त्याचं. कामावर बाई मी एकटी. साहेब होते नंजुंडय्या म्हणून, कपाळावर विभूती, हातात कायम भिंग. काम कसं असायचं, तर प्रत्येक रंगाची एक लाल फिल्म, तिची वरची पातळ साल चाकूनं कापून सोलायची, जेवढं सोललं तेवढाच तो रंग छापला जायचा. शाळेतले भिंतीवरचे मोठे नकाशे केले मी, जिल्ह्याला जिल्हा लागून. दुसऱ्यांच्या नकाशात दोन जिल्ह्यांच्या मधी पांढरी फट राहायची, माझ्यात कधी न्हाई, कारण मी गुपचूप गडद रंग केसभर चढवायची, वरून काळी जाड रेघ, सगळं झाकलं जायचं. साहेब म्हणायचे, शांता, तुझ्या हाताला कुणी शिकवलं ग, आणि मी घरी येऊन अप्पांना ते सांगायची. त्या दिवशी जेवताना त्यांना भात एक घास जास्त जायचा.

मग आला तो समुद्राचा नकाशा. आपला देश आणि शेजारचा देश, कुठला ते असू दे. मधला समुद्र अरुंद. हे म्हणतात आमच्या किनाऱ्यापासून एवढे मैल आमचे, ते म्हणतात आमच्याकडून एवढे मैल आमचे, आता समुद्रच तेवढा नसला तर दोघांचं एकमेकावर येणारच. त्यात तळाखाली गॅस आहे म्हणून कळलेलं, मग कोण सोडतंय. बरीच रेघ बोलून ठरली होती, तेवढी बारीक काळी काढायची, तिच्या एका अंगाला आपला हिरवा, दुसऱ्या अंगाला त्यांचा पिवळा, आणि जिथं ठरलेलं नव्हतं तो तुकडा कोराच सोडायचा. पुढच्या बैठकीला आपली माणसं तो नकाशा घेऊन परदेशी जाणार होती. लष्कर मोहल्ल्याच्या पोरीनं केलेला नकाशा, मला तर आठवडाभर नीट झोप न्हाई आनंदानं.

आणि मी काय केले. पिवळा आधी, हिरवा नंतर, आणि हिरवा केसभर चढवला. विचार करून न्हाई हो, हातानं केलं. ताव छापून आले, सुंदर दिसत होते, कुठं फट न्हाई, मी मनात म्हटले आज अप्पा इथं बगायला पाहिजे होते. साहेब भिंग लावून बसले. बसले ते बसलेच. मग मला बोलावून म्हणाले, बग. त्या बारीक रेघेच्या पलीकडं, त्यांच्या पिवळ्यात, हिरवा दोरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाले, शांता, इथला केस म्हणजे तिथं मैलभर समुद्र, ठरलेल्या रेघेच्या पलीकडं आपण मैलभर त्यांचं घेतलं असं दाखवतोय आपण, हा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला असता तर ते उठून गेले असते, ठरलेलं सुद्धा मोडलं असतं. सोमवारी राजीनामा घेऊन ये म्हणून सांगितले. घर माझ्या पगारावर चाललेलं, धाकटा भाऊ शिकत होता, आणि नकाशाच्या कामाला या गावात दुसरं दार नव्हतं.

घरी येऊन सांगितले. अप्पा ऐकून घेतले आणि एकच विचारले, चढ बरोबर बसला होता का. मला असा राग आला म्हणून सांगू. म्हटले अप्पा, तुमच्या त्या केसानंच माझी नोकरी खाल्ली. ते उठून आत गेले, आई म्हणाली तोंड सांभाळ.

सोमवारी मी राजीनामा लिहून साहेबांच्या पुढं उभी, आणि मागून अप्पा आले. काळा कोट, जो ते बेट्टदपुरच्या जत्रेला घालायचे, आणि हातात पंच्यात गुंडाळलेले दोन ठसे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कन्नडमधी म्हणाले, स्वामी, इथं साहेबांना असंच म्हणतात, चूक हिची न्हाई, शिकवणाराची आहे, मी शिकवलोय. माझ्या अप्पांना आपली चूक म्हणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. ठसे काढून त्यांनी दाखवलं पिवळ्यावर लाल कसा चढतो, साहेब पण भिंग घेऊन बगत बसले, मी आपली कागद हातात धरून उभी.

मग अप्पांचं लक्ष त्या वाया गेलेल्या तावाकडं गेलं, त्या कोऱ्या तुकड्याकडं. हे उघडं का सोडलंय म्हणून विचारले. साहेब म्हणाले, तिथं दोघंही आमचं म्हणतात, खाली गॅस आहे, ठरेपर्यंत कुणाचाच रंग न्हाई. अप्पांनी त्या कोऱ्याच्या कडेनं निळं नख फिरवलं. मग म्हणाले, स्वामी, एवढं मोठं उघडं सोडता येतंय तुमाला, तर रेघेशी दोराभर सोडायला काय झालं. आमच्यात निळीशेजारी हळदीचा पिवळा आला की एकमेकात जाऊन हिरवं होतं, म्हणून मधी डिंक आणि मातीची बारीक रेघ ओढतात, दोन्ही रंग तिथं येऊन थांबतात, डिंक धुतला की मधी पांढरं राहतं. मी ते हलकं काम समजत होतो, स्वामी, आमच्या घरात कधी करू दिलो न्हाई. पण तुमच्या कामाला तेच बरोबर. साहेब माझ्या हातातला कागद घेतले, घडी घालून खिशात ठेवले, आणि म्हणाले, दोन दिवस देतो, नव्यानं काप.

मी फिल्म कापायला बसले आणि अप्पा शेजारी स्टुलावर, साहेबांनीच बसवलं. एका वळणावर रेघ आत गेली होती, तिथं माझा चाकू आपोआप पलीकडं निघाला, सवय हो, आणि अप्पा हळूच म्हणाले, शांते, उघडं राहू दे. ज्या माणसानं जन्मभर कापड उलटं घातलं तो म्हणतोय उघडं राहू दे. माझे डोळे भरून आले, चाकू खाली ठेवावा लागला, त्यांनी पंच्याचं टोक पुढं केलं. नवे ताव आले, दोन्ही रंगांच्या मधी काळी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगाला पांढरा दोरा. साहेब भिंग लावले आणि या खेपेला लवकर उठले. राजीनामा मला परत कधी दिला न्हाई, त्यांच्या खिशातच गेला असणार.

पुढच्या वर्षी अप्पा गेले. जायच्या आधी निळीचं शेवटचं एक रांजण भरलं होतं त्यांनी, एका पलंगपोसापुरतं. निळा आणि पिवळा, आणि सगळीकडं, प्रत्येक पानाफुलाच्या कडेनं, पांढरा दोरा. मला देताना एवढंच म्हणाले, सावलीत वाळव.

नोकरी मी पुरी करून रिटायर झाले. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, सुई ओवता येत न्हाई. परवा टीव्हीवर सांगत होते, त्या तुकड्यावरून दोन्ही देश पुन्हा बोलायला बसणार म्हणून. अजून तेच. नातीला म्हटले, ते पांढरं मी सोडलंय बग. ती मोबाईलवर नकाशा काढून म्हणाली, आजी, इल्ली एल्ला नीलीने, म्हणजे इथं सगळं निळंच आहे. असू दे म्हटले. ठरेल तेव्हा कुणीतरी रंग भरील तिथं, शहाण्या हाताचं माणूस असू दे, आणि कुणाचं भांडण न होता भरू दे.

तो पलंगपोस ह्या पलंगावर आहे बगा, तुमी बसलाय त्याच्यावर. आलेला प्रत्येकजण म्हणतो, शांताक्का, ठसा सरकलाय की सगळा. मी कुणाला काही सांगत न्हाई. तुमाला सांगितले. उठू नका, बसा, बसल्यानं काही होत न्हाई त्याला, रंग अजून तिथंच थांबलेत.