डोक्यावर पातेलं आणि समोर दीपस्तंभ

...नाही, पण बर्फ! अहो, जिथे मे महिन्यात नळाला उकळतं पाणी येतं, गार पाणी हवं तर गीझर बंद ठेवून त्यातलं वापरावं लागतं, तिथे माझा नवरा सकाळी मला गदागदा हलवून म्हणतो, "मंजुषा, ऊठ, बर्फाचं वादळ येतंय, दीपस्तंभाचा फोटो काढायचाय!" आता हे मी काय समजायचं?

तुम्हाला सांगते, आमचा गुणवंत इथे दुबईत, जबल अली बंदरावर लॉजिस्टिक्समध्ये. जन्मभर कंटेनर इकडचे तिकडे पाठवले. लेकीच्या बारशाचे फोटो काढले तर सगळ्यांची मुंडकी छाटलेली! आणि मागच्या दिवाळीत ह्या माणसानं कॅमेरा घेतला. तेव्हापासून आमच्याकडे आमटी गारच जेवायची, कारण तिच्यावर म्हणे 'लाइट' छान पडलेला असतो.

बरं, त्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर भोंगे वाजतायत, घराबाहेर पडू नका! ऑफिसं घरून, शाळा ऑनलाइन, अख्खी दुबई दारं लावून बसलेली, आणि आम्ही? आम्ही निघालो तासाभरावरच्या रस अल खैमाला!

"अरे, सरकार सांगतंय बाहेर पडू नका!"

"सरकार बाकीच्यांना सांगतंय."

मागच्या सीटवर आमची मिहिका, मांडीवर लॅपटॉप, त्यात तिची फिजिक्सची टीचर. ती मान वर न करता म्हणाली, "मम्मा, इट्स हेल, नॉट स्नो. देअर्स अ डिफरन्स." म्हटलं, गारा आणि बर्फ, कळतं मला, पप्पांना सांग! तर म्हणे, "ही नोज. ही जस्ट डझन्ट केअर."

पोचलो. मासेमारीचं छोटंसं बंदर, पुढे समुद्रात घुसलेला दगडांचा बांध आणि त्याच्या टोकाला दीपस्तंभ. आता दीपस्तंभ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? उंच, भव्य, लाटा आपटतायत... हो ना? हा आमच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीएवढा! रंग उडालेला, पोटावर एक लाल पट्टा. मी म्हटलं, "हा? ह्याच्यासाठी एवढं?" आणि बघते तर काय, गुणवंतचे डोळे भरून आलेले! टाकीकडे बघून! आता हे मी काय समजायचं?

तेवढ्यात आभाळ तव्यासारखं काळं झालं आणि सुरू! आधी साबुदाणा, मग हरभरे, मग चक्क आवळे! टपावर असा ताशा की फिजिक्सची टीचर विचारतेय, "मिहिका, आर यू ॲट अ वेडिंग?" मी वळून बघते तर ड्रायव्हरची सीट रिकामी! रेनकोट नाही, छत्री नाही, इथे ठेवतं कोण हो? उन्हासाठी काचेला लावतो ना आपण तो चंदेरी पडदा, तो इरल्यासारखा डोक्यावर घेऊन आमचा हिरो बांधावरून पळतोय!

आणि मग दिसेनासा झाला. अहो, सगळं पांढरं. बांध नाही, दीपस्तंभ नाही, नवरा नाही! फोन लावला, तर फोन सीटवरच वाजतोय. दोन्ही बाजूंना समुद्र खवळलेला, दगड निसरडे... मिहिकानं लॅपटॉप मिटला आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "आई, बाबा कुठे गेले?" मी दार उघडायला हात घातला.

खरं सांगते, तेवढ्यात पोलिसांची गाडी आली म्हणून. एक तरणाबांड पोलीस काच ठोठावतोय, "मदाम! घर जाओ! यल्ला!"

"मेरा आदमी अंदर है!"

"किधर अंदर?"

"बाहर! बाहर अंदर है! वो लाइट के पास!"

"उधर क्या करता है?"

"फोटो!"

त्यानं आभाळाकडे पाहिलं, "या अल्ला" म्हणाला, हेल्मेट चढवलं आणि गेला बांधावर. आणि मी काय, गाडीत बसून राहू? वाटेत खायला घेतलेलं पोह्याचं पातेलं सीटवर रिकामं केलं, डोक्यावर उपडं घातलं आणि त्याच्या मागोमाग! टण्! टण्! टण्! देवळातल्या घंटेच्या आत शिरल्यासारखं, हो! दोनदा पडले, गुडघा फुटला, पण पातेलं सोडलं नाही.

सापडला. दीपस्तंभाच्या आडोशाला, पडद्यात गुंडाळलेला, कॅमेरा पोटाशी, ओठ निळे, कपाळातून रक्त. मी आधी एक धपाटा घातला. मग रडले. मग म्हटलं, "मेला असतास रे! काय आहे काय ह्या टाकीत?"

तर दात वाजवत म्हणतो कसा, "तू दुबईला यायच्या आधी, पहिल्या वर्षी, इथेच साइटवर होतो मी. संध्याकाळी हा दिवा लागला की वाटायचं, चला, तिकडे तूही दिवा लावला असशील."

इतकी वर्षं संसार केला. आमटीत मीठ कमी असेल तर लगेच सांगतो, आणि हे? हे कधी बोलला नाही! आता हे मी काय समजायचं?

मग पोलिसानं हळूच हेल्मेट काढलं, ओंजळीत गारा घेतल्या आणि दीपस्तंभाला टेकून उभा राहिला. "खलास? अब मेरा एक फोटो लो. मां को भेजेगा."

घरी आलो. फोटो, खोटं कशाला बोलू, सुंदर आला. पांढराशुभ्र बांध, करडा समुद्र आणि तो एवढासा दीपस्तंभ. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. अर्चना लगेच, "अय्या, कुठल्या ॲपवर बनवलास गं?" म्हटलं, बनवला नाही, काढलाय! तर म्हणे, "हो हो, सगळे असंच सांगतात." गुणवंत बिचारा कपाळाला पट्टी लावून प्रत्येकाला हवामान खात्याची बातमी पाठवतोय, आणि लोक अंगठे पाठवतायत.

त्यात तो फोटो बघून सांगलीहून दिरांचा फोन. आवाज हा असा फुगलेला! "वहिनी, काश्मीरला गेलात ते गेलात. पण सख्ख्या भावाला एका शब्दानं सांगू नये?"

मी अर्धा तास समजावलं. अहो भाऊजी, अमिराती! गारा! वादळ! तर म्हणाले, "असू दे, असू दे, आम्ही काय, गावाकडची माणसं."

शेवटी माझी शक्ती संपली. म्हटलं, हो भाऊजी, गेलो होतो काश्मीरला. फार छान आहे. तुमच्यासाठी शालसुद्धा आणलीय.

तर आता दुबईच्या देरा बाजारात काश्मिरी शाल बरी कुठे मिळते, कुणाला ठाऊक असेल तर सांगा हो!