फळ्यावरची पाण्याची वेळ

"पाणी कुठल्या वारी, किती वाजता?" नगरसेवक झाल्यावर दादा सोलापूर महापालिकेत हेच विचारत राहिला. उत्तर कुणी दिलं नाही. चहा मात्र दरवेळी पाजला.

आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी पाणी येतं. बायका काम बुडवून नळाशी बसतात. नेव्हीत वीस वर्षं काढलेला दादा मग स्वतःच पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला गाठायचा, वेळ विचारायचा आणि चौकातल्या फळ्यावर लिहायचा. पाण्याला दहा मिनिटं उशीर झाला की शेजारच्या काकू दारात हजर.

"काय ओ कॅप्टन, जहाज बुडालं का काय?"

"काकू, समुद्र परवडला की!"

दादा वारला त्या सकाळीही दवाखान्यात त्याला काकूंचा फोन आला. "बरा हाईस न्हवं? मग पाणी कधी?"

मी फोन हिसकावून ओरडलो, "मरू द्या की त्याला निवांत!"

दादानं फोन परत मागितला, धापा टाकत चावीवाल्याला लावला आणि मला म्हणाला, "दुपारी तीन. फळ्यावर लिहून ये जा. अन् काकूंना हाक मारून सांग, त्यांना लांबचं दिसत न्हाई."