नवरदेवाच्या बदली

१९३६च्या लग्नसराईत वाशीमच्या दवाखान्यात चंपत रांगेत उभा होता. पुढे शेजारच्या गावचा पुंजाजी एका धडधाकट तरण्या पोराला घेऊन उभा.

"याले काय झालं, भाऊ?"

"याले काई नाई. याच्या जुळ्या भावाले गालगुंड झाले. गाल उतरले अन् अंड सुजलं. तापानं फणफणून राह्यला."

"मंग त्यालेच काहून नाई आणलं?"

"हळद लागली ना त्याले! नवरदेव शीव कसा वलांडन? दोघं हुबेहूब हायेत. डाक्टर याले तपासतीन, दवा त्याले पाजू."

"याचं पाहून त्याची सूज कशी दिसन, राजा? माह्या भावाले असंच झालं तवा डाक्टरनं निजवून गार पट्ट्या ठेवल्या होत्या."

"गार? आमचा वैदू तं डाग देनार हाये. सळई तापत ठेवूनच निघालो."

"डाग कुठं?"

"सुजलं तिथंच."

चंपतनं रांग सोडली, आत शिरून डॉक्टरांचा हातच धरला. "साहेब, उठा! टांगा बाहेर उभा हाये."