गुरुवारचं गाव

(२००५ सालचा एप्रिलअखेर. मखमलाबादच्या अलीकडच्या मळ्यातली पडवी. कुसाबाईचं तेरावं होऊन चार दिवस झालेत. तिचा नवरा पुंजा, इंदिरानगरला दिलेली मुलगी उज्वला, आणि नाशिकच्या गोदाकाठी, म्हणजे 'गंगेवर' भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात कुसाबाईच्या शेजारी बसणारी चतुराबाई.)

पुंजा : तुझ्या भावाचं, योगेशचं नंतर. आधी त्या बुधवारचं बोल. त्या बुधवारी मी कुठं व्हतो?

उज्वला : बाजारात. गंगेवर.

पुंजा : तुझ्या आईच्या जागेवर, तिच्या गोणपाटावर. आन ती कुठं व्हती?

उज्वला : दवाखान्यात, माझ्यासोबत. आप्पा, हे किती वेळा सांगू?

पुंजा : मी म्हणेन तितक्या वेळा. मला सांगून गेली, येवल्याला चालले, भावाची सून बाळंत झालीय. म्हणलं जा. वांगी, मेथी घेऊन मी एकटाच बसलो. आन नऊच्या सुमाराला ही बाई मला काय विचारते? चतुरा, तूच सांग.

चतुराबाई : विचारलं खरं. म्हणलं, भाऊ, कुसाबाईच्या पोटातल्या गाठीचं डॉक्टर काय म्हणले? मला वाटलं, नवरा हाय, ठाऊक असंल.

पुंजा : समोर गिऱ्हाईक उभं. माझ्या हातात मेथीची जुडी. ती जुडी मी त्या माणसाला दिली का नाय, हे मला आजपर्यंत आठवत नाय. पस्तीस वर्षांचा संसार, आन बायकोला काय झालंय ते मला बाजारात कळतं. कोथिंबीरवाल्या गोरक्षला ठाऊक. सरबतवाल्याला ठाऊक. पोटच्या पोरीला जानेवारीपासून ठाऊक. एक मीच येडा.

उज्वला : मला शपथ घातली होती तिनं. माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून.

पुंजा : शाळेत मास्तरीण हायेस तू. पोरांना विज्ञान शिकवतेस. शपथेला भ्यालीस?

उज्वला : भ्याले.

पुंजा : डॉक्टर तुझ्या तोंडावर म्हणला ना, लगेच ऑपरेशन करा?

उज्वला : ते म्हणाले, गाठ लिव्हरपर्यंत गेलीय. ऑपरेशन केलं तर कदाचित थोडे महिने वाढतील, खात्री देत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनाच विचारलं, ऑपरेशन केलं तर मे महिन्यात योगेशकडे फ्रान्सला जायला विमानात बसता येईल का? ते नाही म्हणाले. ती उठली. चपला घालता घालता मला म्हणाली, तिकडून आल्यावर बघू.

पुंजा : आन तू रिक्षा केली.

उज्वला : हो. मी रिक्षा केली.

पुंजा : त्यानंतर सहा आठवडे मी तिच्यासंगं भाजी काढली. जेवण कमी झालं म्हणून वर तिलाच बोललो. म्हणलं, परदेशी जायची चटक लागली, आता भाकर गोड लागत नाय तुला. असं बोललो मी तिला. कोणामुळं?

चतुराबाई : भाऊ, पोरीला किती रडवाल? ती पण आईलाच मुकली.

पुंजा : तू तर बोलूच नको. तुला कोणी सांगितलं व्हतं?

चतुराबाई : कोणी नाय. वीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलो आम्ही. पाटी उचलताना तिचा हात पोटावर जायला लागला, ते दिसलं मला, मग मीच खोदून विचारलं. तुम्ही तवा भाव बघत व्हते.

पुंजा : डबा आणलास तो ठेव आन जा घरी.

चतुराबाई : जाईन. रिकामा डबा घेतल्याबिगर नाय जायची. जेवा आधी.

पुंजा : भूक नाय. उज्वला, तू बी ऐक. भावाला कळवायचं ते कळव, आन परत या मळ्यात पाऊल टाकू नको.

उज्वला : काय कळवू? संध्याकाळी त्याचा फोन येईल. आईचं तिकीट त्यानं रद्द केलं, तुमचं ठेवलंय. मेच्या नऊ तारखेचं. आप्पा येतात की नाही, एवढंच विचारतोय तो.

पुंजा : त्या तिकिटापायीच मेली ना ती? त्या कागदांपायी? नेटच्या कॅफेतून पिशव्या भरून कागद आणायचीस. हे गाव, ते गाव. योगेशनं आधी चांगलं लिहिलं व्हतं, उंच मनोरा दाखवतो, राजवाडा दाखवतो. हिला ते नको. हिला बाजाराची गावं पायजेत. फ्रान्सात जाऊन बाजार.

उज्वला : तुम्हीही बसायचात की आमच्यात.

पुंजा : बसायचो. का नाय बसणार? नावं कोणाच्या तोंडात बसंनात म्हणून वारावरून नावं पाडली. सोमवारचं गाव, मंगळवारचं गाव. बुधवारचं मी निवडलं. नदीकाठचा बाजार व्हता फोटोत, आपल्या गंगेसारखा. बाया छत्री लावून बसलेल्या. मी विचारलं सुद्धा, तिकडं वाटे लावतात का तोलून देतात. वर मूठभर कोथिंबीर टाकतात का. मला वाटलं, बाईची हौस हाय. जन्मात पहिल्यांदा कायतरी मागितलं, करू पुरी. त्याच हौसेनं खाल्लं तिला.

उज्वला : तिची नव्हती ती हौस.

पुंजा : मग काय माझी?

उज्वला : तुमचीच, आप्पा.

पुंजा : तोंड सांभाळ.

उज्वला : खूप सांभाळलं. योगेशनं पहिलं पत्र पाठवलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? बुधवार बुडतो. काशीचं ठरलं तेव्हा तेच. योगेशला पुण्यात पदवी मिळाली तो बुधवार होता, आई एकटी एसटीनं गेली. माझं डोहाळजेवण झालं, सगळे पाहुणे आले, माझा बाप गंगेवर वांगी विकत होता. आईनं ओळखलं होतं. मनोरे बघायला हा माणूस मळा सोडणार नाही. बाजार म्हटलं तर येईल. म्हणून बाजार.

पुंजा : खोटं.

चतुराबाई : खरं हाय, भाऊ. मला म्हणली व्हती. म्हणली, चतुरा, तीस वर्षं वांगी बघतेय, आता सात समुद्रापार जाऊन काय वांगी बघू? पण बाजाराबिगर त्यांचा पाय निघायचा नाय. आन एकटीनं जायचं नाय मला. एकटी लय ठिकाणी जाऊन आले.

पुंजा : त्याच बुधवारावर ही बी.एड. झाली. त्याच बुधवारावर योगेश तिकडं गेला. मी काय पत्ते खेळत व्हतो गंगेवर?

उज्वला : मी कुठं नाही म्हणते?

पुंजा : मग बापाला असं बोलायचं?

उज्वला : तुम्ही मला म्हणता, तू सांगितलं नाहीस. तिलाच वाटत होतं की सांगू नये. जानेवारीतच कळलं असतं तर पहिलं तुम्ही तिकीट रद्द केलं असतं. केलं असतं ना?

पुंजा : केलं असतं. हजारदा केलं असतं. दवाखान्यात घेऊन गेलो असतो.

उज्वला : तेच तिला नको होतं.

पुंजा : तिला नको व्हतं म्हणून मी बघत बसायचं? मग नवरा कशाला म्हणायचं मला?

चतुराबाई : पाणी घ्या, भाऊ.

पुंजा : कुठाय तो कागद? सगळी गावं लिहिलेला. तुझ्या अक्षरातला.

उज्वला : माझ्या पर्समध्ये आहे.

पुंजा : आण. चुलीत घालतो.

उज्वला : घ्या. मी अडवणार नाही.

पुंजा : हे काय, सोमवार?

उज्वला : सोमवार. डोंगरावरचं गाव. चीजचा बाजार.

पुंजा : मंगळवारी फुलांचा, ते आठवतंय. ती म्हणली व्हती, झेंडू मिळतो का बघू. बुधवार माझा. शुक्रवार, शनिवार, रविवार. मधी हे गुरुवारचं कोरं का? गुरुवारी बाजार नसतो तिकडं?

उज्वला : असतो. मी तीन गावं काढली होती. आईनं लिहू दिलं नाही.

पुंजा : का?

उज्वला : म्हणाली, सहा दिवस त्यांना दे. गुरुवार मला ठेव. त्या दिवशी बाजार नसलेल्या गावात जायचं.

पुंजा : कोणत्या?

उज्वला : तेच तर विचारत होते मी. समुद्र काढू का, म्हटलं. बर्फ? चर्च? म्हणायची, सुचत नाही गं. बाजार नसलेल्या गावात दिवसभर करतात काय, तेच ठाऊक नाही मला. विचार करून सांगते.

पुंजा : दवाखान्यात पण नाय सांगितलं? शेवटी शेवटी?

उज्वला : विचारलं होतं. दोन दिवस आधी. हसली.

पुंजा : चतुरा, तुला?

चतुराबाई : मला कशाला सांगतीय. मी म्हणलं, नुसती बाकड्यावर बस की गं दिवसभर. तर म्हणली, बसायला काय जातंय, पण पुढ्यात पाटी नसली तर हात कुठं ठेवायचे?

पुंजा : असं म्हणली?

चतुराबाई : असंच म्हणली. मग गिऱ्हाईक आलं.

उज्वला : आप्पा, मी निघते. पाचची बस आहे. त्याला काय सांगू तेवढं सांगा. येत नाही म्हणून कळवू?

पुंजा : बस जरा. चतुरानं भाकरी आणलीय, दोघांना पुरंल.

उज्वला : फोन येईल घरी.

पुंजा : हा कागद राहू दे माझ्याकडं. बुधवारचं तिथं गोणपाट चतुरा टाकतेच हाय आपलं, जागा जात नाय.

चतुराबाई : टाकते की. चार कोपऱ्याला चार दगड ठेवते. कोणाची बसायची टाप नाय.

उज्वला : मग योगेशला?

पुंजा : सांग त्याला, सहा दिवसांचं ठरलंय. गुरुवारचं ठरवायचं राहिलंय.