माळेच्या आदी सुई

माझं माहेर अक्कलकोटकडचं, घरात सगळं कानडी, आणि दिली मंद्रूपला, तितं समदे मराठी बोलायचे, म्हणून पयलं वर्षभर मी नुसती मान हलवायची. मालक हसायचे. माझे मालक स्वभावानं गरीब, पण एका गोष्टीत लई ताठ, ती म्हंजे माळ. आमच्या घरात काविळीची माळ देत्यात, सासऱ्यापासनं. मुळीचे बारीक तुकडे करायचे, दोऱ्यात गाठी मारत ओवायचे, आणि कावीळ झालेल्याच्या डोक्यावर ठेवायची. पयल्यांदा एवढीशी असती, टोपीसारखी बसती, मंग दिवसागणिक लांबती, गळ्यात येती, पोटावर येती, पायाला लागली की कावीळ उतरली. गाठी सैल होऊन लांबती का रोग उतरून, ते मी कधी इचारलं न्हाय, इचारलं असतं तर मालक जेवले नसते. बाजाराच्या दिवशी ओट्यावर माणसं बसल्याली असायची आणि ह्यांची मान नुसती वर.

तर मला सांगायचंय माझ्या सुनेचं, भाग्यश्रीचं. तिची आई अशीच माळेला आली होती, डोळे पिवळे हळद. माळ पायाला लागली, डोळे पांढरे झाले, बाई पेढे घेऊन आली, संगट ही पोरगी. मी मालकांना म्हणलं, पेढे राहू द्या, पोरगी ठेवून घ्या. असं जमलं आमच्या लेकाचं, शिवानंदचं. पण लग्नाच्या आदीच ती बाई गेली, पोटात पाणी झालं होतं. मालक म्हणाले, तो दुसराच आजार.

माहेरी आई न्हाय म्हणून सुनेचं बाळंतपण आमच्याकडंच. शिवानंद सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात, तितल्याच सरकारी दवाखान्यात नाव घातलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या रक्तात काविळीचा जंतू हाय, हेपटायटिस बी म्हणत्यात, बहुतेक आईकडनंच आला असंल, वरनं काय दिसत न्हाय, पण बाळंत होताना बाळाला लागतो, आणि एवढ्या तान्ह्याला लागला की जन्मभर आत बसून लिव्हर खातो. म्हणून जन्मल्या दिवशीच सुई द्यायची, उद्यावर ढकलायचं न्हाय. आमाला पटलं, पण मालकांना कोण सांगणार? मी म्हणलं, बाळाचं तोंड बघून इरघळतील.

सकाळी नात झाली. मालक मंद्रूपहून नवा फेटा बांधून आले, पेढे वाटले, आणि तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आली, म्हणाली, काविळीची लस. झालं. काय सांगू तुमाला, मालक खाटेला आडवे उभे राहिले. म्हणाले, अख्खा तालुका माझ्याकडं कावीळ उतरवायला येतो आणि माझ्याच नातीला काविळीची सुई? बाजारात तोंड कुटं दाखवू? अजून पाचवी पुजली न्हाय, त्याच्या आदी लेकराला टोचायचं? आणि झाली कावीळ तर मी बसलोय की. शिवानंद भिंतीकडं बघत उभा, बापापुढं त्याची जीभ उचलत न्हाय. मी भांडले, कानडीत भांडले, राग आला की मला मराठी सुचत न्हाय. सिस्टर दोनदा येऊन परत गेली. दुपार कलली. आता हसते, पण तवा मला रडू यायला लागलं होतं, दिवस चालला होता की हो.

मंग खाटेवरनं भाग्यश्री बोलली. लग्न झाल्यापासनं जिनं सासऱ्यापुढं मान वर केली न्हवती, ती म्हणाली, मामा, माझ्या आईची माळ बी पायाला लागली होती.

एवढंच. मालक खाली बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला. मंग उठून त्यांनीच नातीला घेतलं आणि सिस्टरला म्हणाले, द्या. एका मांडीला लशीची सुई, दुसऱ्या मांडीला आईकडनं आलेला जंतू अडवायच्या औषधाची. पोरगी जरा रडली आणि लगेच दूध प्यायला लागली. हे मात्र व्हरांड्यात उपरण्यात तोंड घालून बसले, शिवानंदनं चहा आणून दिला तवा उठले.

पुढच्या सगळ्या लशींना पोरीला यष्टीनं हेच घेऊन गेले. घरातल्या समद्यांचं रक्त तपासलं, आमाला बी टोचलं, सुई बघून मालकांनी डोळे असे गच्च मिटले, नातीपेक्षा वाईट. पोरगी सव्वा वर्षाची झाली तवा तिचं रक्त तपासलं. निर्मळ निघालं. मालकांनी बाजारभर पेढे वाटले, लोक इचारायचे, कशाचे वो, तर म्हणायचे, कशाचे न्हाईत, खावा.

माळ सोडली का म्हणाल तर न्हाय, म्हातारा माणूस काय सोडतोय. पण आता ओट्यावर कोण आलं की पयलं म्हणत्यात, दवाखान्यात जाऊन रक्त तपासा, घरात तान्हं हाय का, त्याला टोचलं का, शाळेतल्या पोरांचं राहिलंय का, ते करून या, माळ कुटं पळून जात न्हाय. गावातली आशाताई म्हणती, आजोबा, माझा पगार तुमीच घ्या.

नात आता बोलती, माझ्या माहेरच्यावानी आजोबाला मुत्त्या म्हणती. परवा नवी ओवल्याली माळ उचलून तिनं मुत्त्याच्या डोक्यावर ठेवली. मी म्हणलं, काढ गं. मालक म्हणाले, राहू दे, हितंच बरी हाय. मी बी तेच म्हणते देवाला, म्हाताऱ्याच्या डोक्यावरच राहू दे बाबा, कुणाच्या लेकराला घालायची पाळी आणू नको.