तळाचा दोरा

नाही हो भाऊ, दुरुस्तीला नाही आणलं. त्याला काय धाड भरलीय, धडधाकट आहे – तेच तर माझं दुखणं आहे. बदलून हवंय. दारावर पाटी लावलीय ना तुम्ही, गळाचं जुनं रीळ आणा आणि नवीन घेऊन जा – ती वाचूनच आत आले. हे घ्या, धरा नीट, जड आहे, पिशवीतून काढताना माझ्याच बोटावर आपटलं आत्ता. नवीन कुठलं ते तुम्हीच दाखवा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी पडदे शिवणारी बाई – पण चांगलं दाखवा, सगळ्यात हलकं, सगळ्यात गुळगुळीत, आणि आवाज अजिबात नको. मी नाही जात मासे धरायला, आमचे हे जातात, दर रविवारी, तळ्यावर – ते लिफ्ट दुरुस्त करणारे, उंच, थोडे वाकून चालतात – ओळखता ना? मग झालं तर. त्यांना भेट द्यायचीय. छे, त्यांना कुठलं माहीत! सांगितलं असतं तर हे रीळ कपाटातून बाहेर पडलं असतं का? आत्ता ते कामावर आहेत, कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले असतील, संध्याकाळी येतील तेव्हा नवीन टेबलावर ठेवलेलं असेल, की विषय संपला.

का हसलात? नाही, हसलात तुम्ही, रिळाकडे बघून हसलात, मी बघितलं. ओळखलंत ना? वाटलंच मला. म्हणजे तिनं इथूनच घेतलं होतं हे. नेहमीची गिऱ्हाईक असेल. बसायची का इथं, ह्याच स्टुलावर? – नको नको, मी उभीच बरी.

सांगूनच टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल, कोण ही बाई, नवऱ्याच्या वस्तू चोरून विकतेय. मी दुसरी. ह्यांची पहिली बायको, ती हीच तुमची गिऱ्हाईक. गेली नाही हो, चांगली ठणठणीत आहे, दुसरं लग्न करून गावाच्या पलीकडच्या टोकाला राहतेय. पटलं नाही दोघांचं, सोडून गेली, माझा त्यात काडीचा संबंध नाही, मी फार नंतर आले. जाताना सगळं घेऊन गेली बरं का – फ्रिज, कपाट, स्वयंपाकघरातली मांडणी, अहो, पायपुसणंसुद्धा! मी आले तेव्हा घरात चालताना आवाज घुमायचा. आणि हे एवढं रीळ तेवढं राहिलं. तिनंच ह्यांना दिलेलं, तिनंच ह्यांना गळ टाकायला शिकवलं. विसरली म्हणता? पायपुसणं आठवलं आणि रीळ विसरली? मुद्दाम ठेवून गेली. घरात एक खुंटी मारून ठेवली आपल्या नावाची.

मी काय केलं नाही सांगा. घर उभं केलं. खिडकी न् खिडकी झाकली, असे पडदे शिवले की लोक बाहेरून बघून पत्ता विचारत येतात. माणूस वाईट नाही हो, उगाच कसं म्हणू, सकाळचा चहा तेच करतात, मला स्कूटरवरून दुकानात सोडतात. पण रविवारी तळ्यावरून आले की त्यांचं सुरू होतं. टेबलावर कागद पसरायचा, दात घासायचा जुना ब्रश, तेलाची बाटली, मऊ फडकं – ते फडकं म्हणजे माझ्या दुकानातलं अस्तराचं कापड, तेही मीच आणून दिलेलं, वेडी मी – आणि मग हे रीळ मांडीवर घेऊन बसायचं. मान खाली. पुसताहेत, फिरवताहेत, कानाशी नेताहेत. माझी कंबर धरली म्हणून मी दिवसभर कण्हत असते, तर ‘हं’ म्हणतात. आणि ह्याच्या आवाजात जरा फरक पडला की ताडकन उठून बसतात! एकदा जेवता जेवता उठले, भाऊ, उष्ट्या हातानं. म्हणाले, आत कुठंतरी घासतंय. मी म्हटलं, घासतंय खरं, पण रिळात नाही. त्यांना कळलंच नाही.

नवीन घ्या म्हणून मी का कमी मागे लागले? तुमच्याकडचं ते रंगीत चित्रांचं पुस्तक नेऊन त्यांच्या उशाशी ठेवलं होतं. चाळलं, नाही असं नाही. मग सुरू झाले – नवीन नाजूक असतं, मोडलं की फेकून द्यायचं, हे एका स्क्रू-ड्रायव्हरनं उघडतं, ह्याचे दाते पितळेचे, हे वाजतं तेव्हा मासा केवढा आहे ते हाताला आधी कळतं. म्हणजे लिफ्टसारखंच बघा, म्हणाले, जुन्या लिफ्टला आवाज असतो म्हणून तिचं दुखणं ऐकू येतं. तुम्ही मान कशाला हलवताय? तुम्ही पण त्यांच्याच बाजूचे! दुकानदार आहात ना, नवीन खपवायचं सोडून – आणा, दाखवा बघू ते. हे? अगंबाई, कापसासारखं आहे. फिरवलेलं कळतच नाही. छान आहे. छानच आहे. हेच द्या.

आणि हे रिकामं करून घ्यायचं म्हणता? दोऱ्यासकट नाही घेत? बरं, काढा की मग. ओढा. नाही, थांबा, माझ्यासमोर ओढा, मला बघायचंय. हा वरचा पांढरा दोरा ह्यांचा, तो दरवर्षी बदलतात. खडकाला घासून खराब होतो ना. पण तेवढाच बदलतात. त्याच्या खाली हिरवा आहे. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हा लोकांची पद्धतच आहे ती – तळाचे फेरे काढायचे नाहीत, वरचा जुना कापायचा, नवा तळाच्या दोऱ्याला गाठ मारून जोडायचा. दोरा वाचतो आणि रीळ भरलेलं राहतं, माहितीय मला, ऐकून ऐकून पाठ झालंय. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी सहज विचारलं हो, अगदी सहज, माझ्या मनात काही नव्हतं – हा हिरवा कुणी गुंडाळलाय? तर म्हणाले, तिनं. बरं, एवढ्यावर गप्प बसावं ना माणसानं? पुढं म्हणतात कसे – तिचा हात फार छान बसायचा.

हात छान बसायचा! मला सांगा, भाऊ, मी करते काय दिवसभर? बॉबिनी भरते. दोरा कुठं ताणायचा, कुठं सैल सोडायचा, ते झोपेत विचारलंत तरी सांगेन. माझी बॉबिन कधी मध्येच अडकली तर पडद्यांचं दुकान बंद करून घरी बसेन मी. आणि ह्या माणसाला घरातल्या बाईचा हात दिसला नाही, गेलेल्या बाईचा आठवला! म्हटलं, दाखवतेच. पुढच्या वेळी वरचा पांढरा दोरा ते जोडणार होते, त्याच्या आदल्या दिवशी मीच गुपचूप भरून ठेवला. अस्सा भरला, घट्ट, सरळ, एकावर एक, नवीन रिळासारखा. पण आम्ही बॉबिन भरतो तेव्हा दोऱ्याचा गठ्ठा उभा खुंटीवर असतो आणि बॉबिन स्वतः फिरते. तुमच्या रिळातलं हे दोऱ्याचं चाक फिरतच नाही, दोराच भोवती फिरतो – आता मला काय ठाऊक, त्यानं आत पीळ बसतो म्हणून? रविवारी ह्यांनी तळ्यावर पहिला गळ टाकला आणि सगळा दोरा भसकन बाहेर, कुरळ्या केसांसारखा. दिवसभर गुंता सोडवत बसले काठावर. बाकीचे गळ टाकणारे हसले असतील. घरी येऊन काय म्हणाले असतील? रागावले असते तर परवडलं असतं. म्हणाले, असू दे. असू दे! जणू शेजारच्या मुलीनं कप फोडलाय. आणि पुन्हा म्हणून कधी सांगितलं नाही की जरा दोरा भरून दे गं. मी वाट बघितली, तुम्हाला खोटं कशाला सांगू, दरवर्षी वाट बघते.

तिचा तरी शहाणपणा बघा. परवा माझ्या दुकानात आली. हो, तीच. नवऱ्याला घेऊन, पडदे शिवायला. मी कोण ते ठाऊक होतं तिला. मला तर फोटोवरून ठाऊकच होती, फोटोपेक्षा बरी दिसते, ते जाऊ द्या. माप घेतलं, कापड दाखवलं, साखरेत घोळून बोलले मी. आणि निघताना, पायरीवर, वळून काय विचारते? ते कसे आहेत? नाही! म्हणते, रीळ चालतंय ना अजून? अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. हसून म्हटलं, हो, मस्त चालतंय की. आणि ती असं काही गोड हसली – पडदे आखूड शिवावेसे वाटले. पण हाताला नाही जमत तसलं. उलट असे शिवले, अशा चुण्या पडल्यात की रोज खिडकी उघडताना तिला मी आठवेन. आठवू दे. मलाच काय म्हणून?

संपला पांढरा? ही गाठ ना? आणि हा – हाच तो. केवढासा आहे. मला वाटलं होतं, पुष्कळ असेल. द्या इकडे कात्री. नाही, तुम्ही नाही, मी कापते. माझ्या हातात कात्री देताना कुणी असं बघत नाही, भाऊ, धंदा आहे माझा. हं. झालं. ओढा आता उरलेला – ओढा ना, की तुमचाही जीव अडकलाय त्यात? कसा तुटतोय बघा, वाळक्या गवतासारखा, कुजलाच होता आतून. टाका डब्यात. तो एक तुकडा राहिला बघा खालच्या खाचेत, काढा तो पण. हं. आता बघा. स्वच्छ. चकचकीत. नवं वाटतंय की नाही?

खरंच नवं वाटतंय. जरा इकडे द्या हो. बाई गं, हे फिरतंय तरी किती छान. ह्यांनी ठेवलंयच तसं, खोटं कशाला बोला. आणि आता ह्यात तिचं काय राहिलं? लोखंड आणि पितळ. ते माझ्याच कापडानं पुसलेलं. मग मी हे तुम्हाला का देऊ? – नाही, थांबा, ते नवीन बांधू नका. रागावू नका भाऊ, नकोय ते. हेच राहू दे. मला दोरा द्या. तळाला लावायचा. हिरवा आहे ना तुमच्याकडे, अगदी तसाच, पोपटी नको, गडद – हां, हाच, डिट्टो हाच. आणि गठ्ठा कसा ठेवायचा ते एकदा सांगा, आडवा ना? आणि ह्या बाजूनं सुटायला हवा. एवढंच होतं? एवढं जर कुणी मला सांगितलं असतं! पांढरा मग वरून मी परत चढवते, तोच, गाठ मारून. कळणारसुद्धा नाही त्यांना. जसंच्या तसं परत कपाटात. धरा गठ्ठा. बघा आता बसतोय कसा, बघा, फडक्यात धरलाय ना मी, ताण एकसारखा – आहे का कुठं उंचवटा? हात फिरवून बघा. तिचा काय बसत असेल हो, काहीतरीच! आता खुशाल घ्या म्हणावं मांडीवर. रविवारी कागद पसरतील, ब्रश घेतील, पांढरा थोडा उलगडून बघतील, खाली हा हिरवा दिसेल. मग हलकेच त्याच्यावरून बोट फिरवतील, ही त्यांची सवयच आहे, माझ्या दोऱ्यावरून बोट फिरवतील, आणि त्यांना वाटेल, हा तिनं – 

थांबा. सोडा तो गठ्ठा.

काही नाही. काही झालं नाही मला, पाणी नको. काढा हा. सगळा काढा, पुन्हा रिकामं करा. फुकट गेला तर गेला, लावा माझ्या नावावर. दुसरा रंग दाखवा. निळा नको. तो लाल आहे ना मागं, तो, वरच्या फळीवरचा – भडक तर भडक. पाण्यातल्या माशांना दिसेल? तळाचा दोरा पाण्यात जातोच कुठं, मला शिकवू नका आता. ह्यांना दिसू दे. उलगडल्या उलगडल्या डोळ्यात घुसू दे. विचारू देत मला, कुणी गुंडाळला म्हणून. एकदा तरी विचारू देत.

द्या इकडे. नाही, भाऊ, तुम्ही हात लावू नका.