सर्जेराव जित्ता हाय

लेकीचा तिरळा डोळा दाखवायला आलेल्या संयोगिताचा नंबर काही लागेना. जीव सगळा लेकीत, पण कान मात्र शेजारच्या बाकावर. तिथं मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेले आजोबा आणि त्यांची म्हातारी बसली होती.

"कादंबरीचा सातवा भाग आणलायस न्हवं? वाच की."

"आधी एक सांगू द्या. नजर आली की तुमीच वाचशीला, मग कळंलच. भुतांकडनं खबरा काढणारा आपला सर्जेराव पाचव्या भागातच मेलाय."

"मग सहाव्यात बोलत हुता त्यो कोण?"

"त्याचं भूत. मी त्याला जित्ता करून वाचला."

"का गं?"

"तुमाला दिसायचं बंद झालं, त्याच महिन्यात त्यो मेला. कुठल्या तोंडानं वाचू?"

"मला ठावं हुतं."

"कसं काय?"

"लंडनात बसून धारोष्ण दूध पितोय, भाइर पडताना बायकोला सांगून जातोय. असला गुप्तहेर कोण लिवंल?"

"राग न्हाय न्हवं आला?"

"न्हाय. आज ऑपरेशन झालं, चांगलं दिसाय लागलं, तरी सातवा तूच वाच. आन् त्याला जित्ताच ठेव."